मुकं चाक

"हिच्या कानात आक्का येऊन बसलीये," सासरे कुजबुजले.

आमचे सासरे कुजबुजतात तेव्हा शेजारची दोन घरं हातातलं काम थांबवतात. मी वरच्या खोलीत उशीत डोकं खुपसून पडले होते. दुपारचे तीन वाजले असतील. खालून सासूबाईंचा आवाज आला. तो मात्र खरोखरच हळू होता, पण माझ्या कानांना हळूसुद्धा पुरतं.

"अहो, हळू! वर झोपलीये ती."

"हळूच बोलतोय. आणि झोपलीये तर ऐकेल कशी?"

"तिला यातलं अक्षर सांगायचं नाही. तीन महिने झालेत पोरीला येऊन. उद्या बॅग भरून माहेरी निघाली म्हणजे?"

"मी कशाला सांगतोय?" सासरे म्हणाले, आणि तेही मी ऐकलं.

आक्का म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. त्यांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

आधी माझ्या कानांचं सांगते. लग्नाच्या दोन वर्षं आधी मी एका मोठ्या कार्यालयात टेलिफोनवर बसत असे. कानाला हेडफोन, दिवसाला दोनशे माणसं, प्रत्येकाला तेच गोड बोलणं. एका सकाळी लाइनमध्ये काहीतरी बिघडलं आणि डाव्या कानात किंकाळी घुसली. माणसाची नव्हे, तारेची. अर्ध्या सेकंदात ती संपली असं बाकीचे सांगतात. माझ्यापुरती ती अजून चालू आहे. बारीक, उंच, एकाच पट्टीतली. पेल्याच्या कडेवरून कोणीतरी ओलं बोट फिरवतंय आणि थांबायचं विसरलंय, अशी. मी तिला भाडेकरू म्हणते; येताना विचारलं नाही, जायचं नाव काढत नाही. आणि तेवढ्यावर भागलं नाही. ताटावर चमचा पडला, कोणी टाळी वाजवली, दार आपटलं, की कानात दाभण जातं आणि तासभर तिथेच राहतं. डॉक्टरांनी कागदावर माझ्या कानांचा आलेख काढला, तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "कान उत्तम आहेत. सवय होईल."

अशी मुलगी धार लावण्याच्या कारखान्यात दिली. 'दिली' म्हणजे मीच गेले. मावशी म्हणाली, "सर्दीच्या माणसाने बर्फाच्या गोदामात बिऱ्हाड करावं, तसं झालं हे." पण पहिल्या भेटीत माझ्या वडिलांनी कप बशीवर ठेवला तेव्हा मी कशी दचकले ते या मुलाने पाहिलं होतं. स्वतःचा कप ठेवताना त्याने आधी बशीत करंगळी ठेवली, तिच्यावर कप टेकवला आणि करंगळी अलगद काढून घेतली. मी त्या करंगळीशी लग्न केलं म्हटलं तरी चालेल.

घरच्यांनीही काही कमी केलं नाही. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे तुकडे चिकटवले, दाराची बेल काढून टाकली, डावाच्या दांड्याला सासूबाईंनी चिंधी गुंडाळली. कारखाना अंगणापलीकडे, मध्ये दोन दारं. यंत्रं सुरू झाली की दोन्ही दारं बंद, आणि माझ्या कानांवर कापसाची जाड झाकणं.

छापखान्यातली कागद कापायची पाती, करवती, शिंप्यांच्या कात्र्या, सगळं तिथे धारेला येतं. धार लावतात ती दगडासारख्या कणीदार चाकांवर. अशा चाकाला केसाएवढा तडा असला तर डोळ्यांना दिसत नाही. पण पूर्ण वेगाने फिरताना ते फुटतं, आणि सुटलेला तुकडा कोणाला विचारून जात नाही. म्हणून नवं चाक आलं की ते आधी खुंटीवर टांगायचं, लाकडी मोगरीने चार ठिकाणी हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. अखंड चाक पितळी वाटीसारखं घुमतं. तडकलेलं नुसतं थप् करतं. आमच्याकडे पहिल्याला 'चाक बोललं' म्हणतात आणि दुसऱ्याला 'मुकं'. मुकं चाक त्याच दिवशी अंगणात नेऊन घणाने फोडतात, म्हणजे चुकूनही कोणी वापरायला नको.

बत्तीस वर्षं हे ऐकायचं काम आक्कांनी केलं. त्या गेल्यावर सासऱ्यांनी घेतलं. सगळे कामगार त्यांना मास्तर म्हणतात.

आणि मास्तरांना ऐकू येत नाही.

हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीही कधी बोललं नव्हतं. ओठांवरून त्यांना बरंच कळतं. जे कळत नाही त्यावर ते छानसं हसतात, मान डोलावतात, आणि समोरचा तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत पुन्हा म्हणतो, जणू त्यालाच नीट सांगता आलं नव्हतं. आमचे मिस्त्री कामं पाटीवर लिहून दाखवतात, "माझंच हल्ली लक्षात राहत नाही हो" म्हणत. एका माणसाचं बहिरेपण सांभाळायला सगळं घर विसराळू आणि बोबडं झालं होतं. आल्यावर आठवड्याभरात मीही त्यात सामील झाले. प्रेमाचीच गोष्ट होती ती. आणि मास्तर चाक टांगत, डोळे मिटत, चारदा ठोकत आणि म्हणत, "बोललं."

"पाच वर्षांत एकही मुकं निघालं नाही?" मी एकदा नवऱ्याला विचारलं.

"मुकी चाकं बाबांपर्यंत पोचतच नाहीत. आधीच पडतात."

"पडतात म्हणजे?"

"रॅकवरून. सकाळी दार उघडलं की एखादं जमिनीवर पडून दोन तुकडे झालेलं असतं. अकरा पडली. दोनदा रॅक बदलला. सुतार आता मला बघून रस्ता बदलतो."

"मी आल्यापासून किती पडली?"

त्याने बोटं मोजायला घेतली आणि एकही न मोडता हात खाली केला. "एकही नाही," तो म्हणाला. मग हसला. "तुझा पायगुण!"

मीही हसले. न हसायला कारण नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत सासूबाईंनी मला मिस्त्रींचा चष्मा द्यायला पाठवलं. चष्मा आमच्या टेबलावर राहिला होता आणि चष्म्याशिवाय मिस्त्री म्हणजे पाय नसलेलं टेबल. यंत्रं बंद होती. कारखान्यात कोणी नव्हतं. सगळे पलीकडच्या ओट्यावर जेवत होते. मी मधल्या कोठीतून निघाले. तिथे उभ्या रॅकमध्ये चाकं ओळीने ठेवलेली असतात, वाचनालयातल्या जाड पुस्तकांसारखी. तेलाचा, लोखंडाच्या भुकटीचा, बंद जागेचा वास. दारापासून तिसऱ्या चाकाशी आले आणि भाडेकरू गप्प झाला.

हे सांगणं कठीण आहे. ज्याला असा आवाज नाही त्याला शांतता म्हणजे काय ते ठाऊकच नसतं, माशाला पाणी ठाऊक नसतं तसं. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात कोणीच नव्हतं. खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगत होती आणि ती आवाज न करता तरंगते हे मला ऐकू येत होतं. माझ्या ओढणीचा काठ दुसऱ्या काठावरून घसरला तोही ऐकला. रडू येतंय की काय असं वाटलं. एवढ्या मोठ्या जागेत आपल्याला एकटीला उभं केलं आहे, कोणीतरी मुद्दाम, असं वाटलं...

मग लवंगेच्या तेलाचा वास आला. आणि माझ्या डाव्या खांद्याच्या किंचित मागून, लाकूड दगडावर ठेवावं तसं,

थप्.

थप्. थप्. थप्.

चारदा. मोगरी समोरच्या खिळ्याला टांगलेली होती, हलत नव्हती. मी एक पाऊल मागे घेतलं तर भाडेकरू परत आला. पुढे आले तर पुन्हा गेला. हे मी तीनदा केलं. मग मिस्त्रींना चष्मा दिला आणि घरात येऊन भाजी चिरायला बसले.

कोणाला सांगितलं नाही. दोन वर्षांत मी एवढं शिकले होते की कानातलं सांगितलं की लोक आधी काळजीने बघतात आणि नंतर घड्याळाकडे.

चार दिवसांनी मास्तरांनी ते तिसरं चाक टांगलं, ठोकलं, म्हणाले, "बोललं." छोट्या यंत्रावर चढलं. दुपारी ते फुटलं. झाकणाने बराचसा मारा अडवला, पण एक तुकडा मिस्त्रींच्या हाताला चाटून गेला. नऊ टाके. मिस्त्री मला म्हणाले, "काही नाही हो वहिनी, डावाच हात आहे," आणि हसले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी उशीत डोकं खुपसून पडले होते आणि खाली सासरे कुजबुजले.

मी खाली गेले. सासरे कारखान्यात परत गेले होते. सासूबाई शेंगा सोलत होत्या. मी समोर बसून सोलायला लागले.

"आक्कांच्याही कानात आवाज होता?" मी विचारलं.

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ऐकलंस होय... या माणसाला कुजबुजायला सांगायची सोय नाही." "होता. तरुणपणापासून. लवंगेच्या तेलाचे बोळे घालायच्या कानात. वन्सं म्हणायच्या, चाक चांगलं असलं की माझा सूर चालू राहतो, मुकं असलं की बंद पडतो. आम्ही हसायचो. पण त्यांचं एकही चाक कधी चुकलं नाही."

"आणि रॅकवरून पडायची ती?"

"ती त्या गेल्यावर." त्यांनी शेंगेची साल बोटाला गुंडाळली. "तू आलीस आणि थांबली. यांचं म्हणणं, वन्संना आता पाडायची गरज राहिली नाही. सांगायला माणूस मिळालं."

माझ्या हातावर काटा आला. भीतीने नव्हे, निदान नुसत्या भीतीने नव्हे. मोठ्या डोहाच्या काठाशी वाकून पाहावं आणि तळातून कोणीतरी वर पाहत असावं, तसं.

"बाबांना ऐकू येत नाही हे आक्कांना माहीत होतं?"

"जायच्या दिवशी दुपारी खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, आता कोण ऐकेल गं? मी म्हटलं, हे ऐकतील की. अशा बघायला लागल्या माझ्याकडे... मी मान खाली घातली. वर केली तोवर गेल्या होत्या."

"मग आता तरी सांगा बाबांना."

"तू सांगशील?"

मी आणखी एक शेंग उचलली.

"छत्तीस वर्षं त्या कारखान्यात उभा आहे तो माणूस," सासूबाई म्हणाल्या. "कान काढून घेतला तर त्याच्याकडे राहील काय?"

"आणि चाकापुढे तुमचा मुलगा उभा राहतो त्याचं?"

त्यांनी सोललेले दाणे सालींच्या ढिगात टाकले आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. हसला नाही, घड्याळाकडेही पाहिलं नाही. म्हणाला, "आक्काचं मला कळत नाही. पण बाबांचं खरं आहे. मोठं चाक यायचंय गुरुवारी. ते चढवायच्या आधी बोलतो."

गुरुवारी सकाळी खोक्यातून मोठं चाक आलं. माझ्या कमरेएवढं उंच, दोघांनी धरून उतरवायचं. कागदाची लांब पाती त्याच्यावर लागतात आणि ती लावायला माणसाला चाकाच्या अगदी समोर उभं राहावं लागतं. तो माणूस म्हणजे माझा नवरा.

"बोललास?" मी दाराआडून विचारलं.

"आज नको गं," तो म्हणाला. "आज किती खूश आहेत बघ. संध्याकाळी नक्की."

एवढं मोठं चाक टांगता येत नाही. लाकडी फळीवर उभं ठेवून ठोकतात. मी घरात इस्त्री करत होते. दोन बंद दारांतून मास्तरांचा आवाज आला, "बोललं!" मग तासभर चाक चढवण्याची खटपट. मी कानांवर झाकणं चढवली, कारण आता ते सुरू होणार होतं.

सुरू झालंच नाही, असं मला वाटलं. उलट सगळंच थांबलं. आधी भाडेकरू गेला, मोरीतलं पाणी उतरावं तसा, हळूहळू आणि मग एकदम. पाठोपाठ इस्त्रीची वाफ गेली. घड्याळ गेलं. मी झाकणं काढली तरी काही नाही. पायाखालची फरशी मात्र बारीक थरथरत होती. म्हणजे चाक फिरत होतं.

लवंगेचा वास अंगणभर पसरला होता.

मी दोन्ही दारं उघडून आत गेले. नवं चाक चढवलं की पहिलं एक मिनिट त्याच्यापुढे कोणी उभं राहत नाही. सगळे बाजूच्या भिंतीला लागून थांबतात. तसे ते थांबले होते. मास्तर, हाताला पट्टी बांधलेले मिस्त्री, आणि माझा नवरा. माझ्या मागोमाग सासूबाई आल्या. आणि मधोमध ते चाक. पूर्ण वेगात होतं, त्यामुळे स्थिर दिसत होतं, करड्या चंद्रासारखं. ज्या आवाजाने मी बेशुद्ध पडले असते तो आवाज तिथे होता आणि माझ्यापर्यंत येत नव्हता. कोणीतरी माझ्या दोन्ही कानांवर हात ठेवले होते. मी खरंच कानांना हात लावून पाहिला. हात थंड लागला. तो माझाच असावा.

भीती वाटायला हवी होती. पण मी लहान झाले होते, इतकी लहान की भीतीला बसायला जागा नव्हती. बत्तीस वर्षं एका बाईने हे ऐकलं होतं. हे, आणि हे नसणं...

डाव्या कानाशी कोणीतरी श्वास आत घेतला. बोलायच्या आधी घेतात तसा.

मिनिट संपलं. नवऱ्याने दोन्ही हातांनी पातं उचललं आणि तो चाकासमोर आला. मी भिंतीवरचा मोठा खटका ओढला.

चाक लगेच थांबत नाही. ते मंदावत गेलं तसे बाहेरचे आवाज एकेक करून परत आले. पट्ट्याची फडफड, सासूबाईंचं "अगं, अगं काय केलंस", अंगणातला पक्षी. एकच आवाज आला नाही. माझ्या कानातला.

"कोणी बंद केलं?" मास्तर ओरडले. मग त्यांनी माझ्या हाताखालचा खटका पाहिला. "सूनबाई? अहो, मी ऐकलंय ते. बोललंय!"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रींच्या मदतीने त्याने चाक उतरवलं, फळीवर उभं केलं, खिळ्यावरची मोगरी काढली आणि ठोकलं.

थप्.

चार ठिकाणी, चारही वेळा थप्. मिस्त्री स्वतःच्या पट्टीकडे बघायला लागले. सासूबाईंनी डोळे मिटले. आणि मास्तर, मोगरी पडताना पाहून, कोणाचा चेहरा वाचायच्या आधीच, अभिमानाने म्हणाले, "बघा! बोललं की नाही?"

कोणी उत्तर दिलं नाही. इतक्या वर्षांची सवय होती. नवऱ्याने आणि मिस्त्रींनी चाक गडगडवत अंगणात नेलं. घणाच्या दुसऱ्या घावाला ते उकललं, आणि मधल्या भोकापासून कडेपर्यंत जुना, काळसर तडा उघडा पडला. नवरा त्याच्याकडे पाहत राहिला. मग दारात येऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

झालं होतं. चाक फुटलं होतं. आता भाडेकरूने परत यायला हवं होतं. मी वाट पाहिली. कधी नव्हे ती मी त्याची वाट पाहिली.

तो आला नाही.

कारखान्यात आमच्यापैकी कोणीच हलत नव्हतं. मोगरी फळीवर आडवी पडली होती. आणि तरी ऐकू आलं. टक्. लाकडाचाच आवाज, पण या वेळी दगडावरचा नव्हे. अधिक मऊ, आतून पोकळ. मास्तर आमच्याकडे पाठ करून रिकाम्या यंत्रापाशी उभे होते. टक्, त्यांच्या डाव्या खांद्याखाली. टक्, उजव्या. प्रत्येक ठोक्यानंतर कोणीतरी थांबून ऐकत होतं. अखंड माणूस घुमतो की नाही मला माहीत नाही. पण थांबण्याची ती तऱ्हा मी ओळखली. चौथा ठोका झाला आणि त्यानंतर काहीच आलं नाही.

मास्तर वळले. कपाळ घामाने निथळत होतं आणि रंग त्या चाकासारखा करडा झाला होता. एका हाताने त्यांनी यंत्राची कड घट्ट धरली होती. आणि ते आमच्याकडे बघून हसत होते. ऐकू आलं नाही की हसतात ना, अगदी तेच हसू. बाकीचेही सवयीने त्यांच्याकडे बघून हसायला लागले होते.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, त्यांना माझे ओठ दिसतील अशी.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही," मी म्हणाले. "चाक मुकं होतं. आणि आत्ता तुमच्या छातीत काय होतंय, तेही तुम्ही आमच्यापासून लपवताय... आई, माझ्याकडे नका बघू. त्यांना धरा."